पुरणयंत्राची जाऊ

बी. कॉम. झालेल्या माणसाला आयुष्यात दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, 'मग सी. ए. का नाही केलंत?' असं विचारणारी. आणि दुसरी, 'तुम्ही बी. कॉम. ना, मग एवढा फॉर्म भरून द्या' म्हणणारी. पहिल्या प्रकारची माणसं लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतात आणि जिलबी कडू करून जातात. दुसऱ्या प्रकारची माणसं आपल्या शेजारी राहतात. त्यांच्यापासून सुटका नाही. मी बँकेत कारकून असल्यामुळे तर फॉर्म भरणं हा माझा छंदच असावा, असा आमच्या सोसायटीचा समज आहे. कारकून संध्याकाळी घरी येतो तो फॉर्म भरण्याची भूक घेऊनच, असं त्यांना वाटतं.

म्हणून गेल्या श्रावणात समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी हातात कागदांची चळत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, जरा बघता का?" तेव्हा मी चष्मा पुसला. नाही म्हणणार कसं? आमच्या घरी दर चतुर्थीला येणारे उकडीचे मोदक त्यांच्याच हातचे.

वहिनी आणि त्यांच्या बचत गटातल्या पाचजणी कागदाची कामं करतात. आहेराची पाकिटं, रुखवतातली कागदी कमळं, मुंजीच्या पत्रिकांवरची नक्षी, दिवाळीला आकाशकंदील. सगळं कात्रीनं. सहाही जणींच्या अंगठ्याला घट्टे पडलेले. त्यांनी कुठंतरी एक हातयंत्र पाहिलं. दोन पोलादी रूळ, बाजूला फिरवायचा दांडा, खाली टेबलाला घट्ट चिकटणारी बैठक. धारदार कडांचा साचा घ्यायचा, त्यावर कागद ठेवायचा, वर-खाली प्लॅस्टिकच्या पाट्या लावायच्या आणि ते सगळं सँडविच दोन रुळांच्या मधून दांडा फिरवत पलीकडे काढायचं. अलीकडून कागद जातो, पलीकडून कमळ येतं. धारेचा साचा काढून ठशाचा साचा घातला, की कागद कापला जात नाही, त्यावर नक्षी उठते. वीज नाही, मोटार नाही, आवाज नाही. वजन चारपाच किलो. गटाच्या बचतीतून सहाजणींनी सहा यंत्रं परदेशातून मागवली. आयात-निर्यातीचा कोड काढला, एजंट गाठला, सगळं रीतसर केलं. राहिला होता एकच रकाना: 'मालाचे वर्णन'.

इथे मी माझं वाणिज्यशास्त्र पणाला लावलं. माझा हिशेब सरळ होता. यंत्र म्हटलं की सरकारला कारखाना दिसणार, कारखाना दिसला की कर दिसणार. तेव्हा माल जितका गरीब दिसेल तितका बरा. मी मोठ्या खुबीनं लिहिलं, 'कागदकामाचे हाताने चालवायचे लहान साधन; गृहिणी, हौशी कलाकार व मुले यांना उपयुक्त.' वहिनींनी ते वाचून मला मनापासून दाद दिली. "मुले" हा शब्द तर मला स्वतःलाच फार आवडला होता. लेकराबाळांच्या वस्तूवर कोण कर लावणार?

आठवड्यानं एजंटचा फोन आला. "साहेब, ते 'मुले' कुणी लिहिलं?"

मी अभिमानानं म्हणालो, "मी."

"खेळणं आहे का, असं विचारतायत."

मग मला कळलं की आपल्या देशात खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० च्या अर्थसंकल्पात वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाली आणि २०२३ मध्ये सत्तर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्याला भारतीय मानक ब्युरोचा शिक्का लागतो. म्हणजे लेकराबाळांच्या नावावर सवलत मागायला गेलेला मी सहा बायकांना थेट सिंहाच्या गुहेत घेऊन गेलो होतो. त्या रात्री मी जेवलो नाही. निदान दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

इथपर्यंतचा दोष माझा. तो मी कबूल करतो. पण इथून पुढे जे झालं त्यात माझा दोष नाही, आणि कस्टमच्या त्या अधिकाऱ्याचाही नाही, हे मी मुद्दाम सांगतो. माझं भांडण एका पुस्तकाशी आहे.

हे पुस्तक म्हणजे जगातल्या सगळ्या वस्तूंची खतावणी. त्याचं इंग्रजी नाव 'हार्मोनाइज्ड सिस्टीम'. नावात हार्मोनियम आहे, पण सूर लागेल अशी आशा धरू नये. १९८३ च्या जूनमध्ये ब्रसेल्सला त्याचा करार झाला, १९८८ च्या १ जानेवारीपासून तो जगात अंमलात आला, आणि आपण तर १९८६ सालीच त्याच्या चालीवर आपला तक्ता बसवून घेतला होता. आज २०० हून अधिक देश आणि प्रदेश त्यावर चालतात. एकवीस विभाग, सत्त्याण्णव अध्याय. जिवंत घोड्यापासून जुन्या चित्रांपर्यंत पृथ्वीवर जे जे म्हणून विकलं जातं, त्याला त्यात एक क्रमांक आहे. पहिले सहा आकडे जगाचे, पुढचे दोन आपले. वस्तूला क्रमांक मिळाला की कर ठरतो, आणि कर भरला की वस्तू सुटते. क्रमांक नाही तर वस्तू गोदामात, आणि गोदामाचं भाडं आपल्या डोक्यावर.

आम्ही बँकवाले याला नावं ठेवू शकत नाही. आमचंही आयुष्य रक्कम कुठल्या खात्याला टाकायची यातच जातं. फरक एवढाच, की कुठल्याच खात्यात न बसणाऱ्या रकमेसाठी आमच्याकडे सस्पेन्स खातं असतं. तिथं टाकायची आणि संध्याकाळची लोकल पकडायची. कस्टममध्ये सस्पेन्स असतो, खातं नसतं.

खेळण्याचा आरोप पंधरा दिवसांनी धुऊन निघाला. धारेचे साचे दाखवल्यावर, हे पोरांच्या हातात द्यायचं नाही, एवढं कुणालाही पटलं. मग दुसरा प्रश्न आला: हे हत्यार की यंत्र?

तुम्ही म्हणाल, यात काय विचारायचं? दांडा आहे, रूळ आहेत, यंत्रच ते. थांबा. या पुस्तकाच्या ८२ व्या अध्यायात हातानं वापरायची हत्यारं आहेत आणि ८४ व्या अध्यायात यंत्रं. दोहोंमधली सीमारेषा दांड्यावरून ठरत नाही, चाकावरून ठरत नाही, विजेवरून तर नाहीच नाही. ती ठरते बैठकीवरून. पुस्तकाच्या जोडीला खुलाशांचे जाड खंड आहेत, त्यांत हे नीट समजावून दिलंय. सुतार हातात धरून, दांडा फिरवून भोक पाडतो ते ड्रिल, त्याच्या पोटात दातेरी चाकं असली तरी, हत्यार. तेच ड्रिल चौकटीत बसवायच्या बेताचं केलं की यंत्र. पत्रा कापायची हातातली कात्री हत्यार. तीच बैठकीवर चढवली की यंत्र, मग ती हातानंच का चालेना. सुटं असेल तर हत्यार, बसलेलं असेल तर यंत्र!

हे ऐकल्यावर मला हसू आलं नाही, भरून आलं. कारण आमच्या बँकेतही हीच पद्धत आहे. सकाळपासून काउंटर ते कॅश, कॅश ते रेकॉर्डरूम असा सुटा फिरणारा तो कारकून. आणि ज्याला बैठक आहे, खुर्ची टेबलाला आणि जो खुर्चीला घट्ट चिकटलेला आहे, तो साहेब. काम दोघांच्याही हातचंच. पण अध्याय वेगळा.

तुमच्या घरातलंच उदाहरण घ्या. पोराच्या दप्तरात पेन्सिलीचं टोकयंत्र असतं. नावात यंत्र, पण पुस्तकात ते ८२१४ क्रमांकाखाली, कागद कापायच्या सुऱ्यांच्या पंगतीत बसतं. आणि शाळेच्या हेडमास्तरांच्या टेबलाला स्क्रूनं आवळलेलं, दांडा फिरवायचं टोकयंत्र? ते ८४७२, कार्यालयीन यंत्र! पेन्सिलीला मात्र दोन्हीकडे तेवढंच दुखतं.

वहिनींच्या यंत्राला बैठक होती. म्हणजे ते अध्याय ८४ मध्ये गेलं. एजंटनं फोनवर आनंदानं सांगितलं, "यंत्र ठरलं, साहेब!" मी उत्सुकतेनं त्या अध्यायाचं पहिलं पान उघडलं. चौऱ्याऐंशीव्या अध्यायाची सुरुवात कशानं होते ठाऊक आहे? अणुभट्टीनं. ८४०१: अणुभट्ट्या. मग बॉयलर, टर्बाईन, क्रेन, छापखाने, आणि त्या सगळ्या धुरात आमच्या वहिनींचं आहेराची पाकिटं कापायचं यंत्र. वहिनींचे मिस्टर अबोल आहेत, पण त्या दिवशी तेही बोलले. "म्हणजे आता घरात अणुभट्टीची चुलत बहीण यायची. आधीच एक आहे."

वहिनींनी त्यांना चहा दिला नाही.

पण अध्याय मिळाला म्हणजे क्रमांक मिळाला असं नव्हे. गावाचं नाव कळलं म्हणून घर सापडत नाही. आता प्रश्न असा, की हे यंत्र कापतं की दाबतं? कागद आणि पुठ्ठा यांच्यापासून वस्तू बनवणारी यंत्रं, 'सर्व प्रकारच्या कापणी यंत्रांसह', ८४४१ मध्ये आहेत. हा क्रमांक म्हणजे मोठमोठे कागद कापणारे कारखानदार. पण आपलं यंत्र तर रुळांमधून दाबतं! आणि रुळांनी दाबणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे धातू आणि काच सोडून बाकी काहीही लाटणाऱ्या यंत्रांचा, क्रमांक ८४२०. धारेचा साचा घातला तर कापणी, ठशाचा घातला तर लाटणी. आणि वहिनी दोन्ही घालणार. सकाळी पाकिटं, दुपारी नक्षी.

यावरही पुस्तकात उत्तर आहे. या पुस्तकात सगळ्याला उत्तर आहे, हाच त्याचा त्रास आहे. अनेक कामं करणाऱ्या यंत्राचं मुख्य काम कोणतं ते पाहायचं. ते ठरेना, तर नियम तिसरा: आधी ज्या क्रमांकात वस्तूचं वर्णन जास्त नेमकं असेल तो घ्यायचा, तेही जमलं नाही तर वस्तूचा मूळ स्वभाव पाहायचा, आणि स्वभावही कळला नाही, तर भांडणाऱ्या क्रमांकांपैकी जो शेवटी येतो तो द्यायचा. हा शेवटचा भाग मी तीनदा वाचला. जगभरच्या विद्वानांनी एकत्र बसून ठरवलेला हा अखेरचा तोडगा, आणि तो आमच्या आईच्या तोडग्याशी तंतोतंत जुळतो. आम्ही भावंडं लाडवावरून भांडलो की ती म्हणायची, "जो सगळ्यात शेवटी रांगेत उभा आहे त्याला देते." फक्त आई ते एका मिनिटात करायची.

या सगळ्याला किती दिवस लागले? यंत्रं श्रावणात आली. गणपती आले, गेले. नवरात्र बसलं, उठलं. वहिनींनी आकाशकंदिलांची ऑर्डर घेतली होती, ती हातानं निम्मी पुरी केली आणि निम्मीचे पैसे परत दिले. पैसे परत देताना त्या हसत होत्या. बाई हसत पैसे परत देते तेव्हा पाहणाऱ्यानं दुसरीकडे पाहावं, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं. क्रमांक मिळाला, ८४४१, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. लागलेला कर फारसा नव्हता. गोदामाचं भाडं मात्र कराला मागं टाकून गेलं.

म्हणून माझी तक्रार कराबद्दल नाही, हे आधी स्पष्ट करतो, म्हणजे 'या बँकवाल्याला फुकट हवंय' असं कुणी म्हणायला नको. कर द्यायला सहाही बायका तयार होत्या, त्यांनी तो मोजून दिला. माझी तक्रार अशी, की त्या यंत्राला या पुस्तकात स्वतःचं नाव नाही. ज्याला नाव असतं त्याला एका ओळीत वाट मिळते. ज्याला नाव नसतं त्याला चार अध्यायांच्या दारात उभं राहावं लागतं, आणि प्रत्येक दारात 'आपण कोण?' याचं उत्तर द्यावं लागतं.

आणि नाव देता येत नाही असं थोडंच आहे? हे पाहा, क्रमांक ८२१०. मी हा क्रमांक वाचला आणि खुर्चीवरून उठून उभा राहिलो. 'हाताने चालवायची यांत्रिक उपकरणे, वजन दहा किलो किंवा त्याहून कमी, खाद्यपदार्थ वा पेये तयार करण्यासाठी किंवा वाढण्यासाठी.' म्हणजे काय? म्हणजे आपलं पुरणयंत्र! दांडा आहे, तीन पायांची बैठक आहे, चाळणीच्या चकत्या बदलता येतात. पण त्याला कुणी विचारत नाही, की तू अणुभट्टीच्या गावचं का? कुणी विचारत नाही, की तुझं मुख्य काम गाळणं की दाबणं? बैठक असो, दांडा असो, दहा किलोच्या आत आहेस आणि स्वयंपाकघरातलं आहेस ना? मग ये, हा तुझा पाट. एक ओळ, एक क्रमांक, जा घरी.

म्हणजे ब्रसेल्सच्या विद्वानांना ठाऊक होतं, की घरातल्या माणसाच्या हातानं चालणारी लहान यंत्रं ही वेगळी जात आहे. त्यांना कारखान्याच्या यंत्रांत ढकलणं बरोबर नाही. त्यांनी वजनाची मर्यादासुद्धा घातली. घरगुती शिलाई मशीनलाही त्यांनी ८४५२ च्या पोटात स्वतंत्र जागा दिली. मी ही सगळी माहिती वहिनींना उत्साहानं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

"म्हणजे भाऊजी, बाई घरात रांधते आणि शिवते, एवढंच त्या पुस्तकाला माहीत आहे. घरात बसून कमावते, हे माहीत नाही."

बी. कॉम. मी आहे. पण हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

हाच माझ्या भांडणाचा गाभा आहे. जे पुरणयंत्राला दिलं, ते कागदाच्या यंत्राला द्या. 'हाताने चालवायची, दहा किलोच्या आतली, कागद व पुठ्ठा कापण्याची, ठसे उमटवण्याची वा घड्या घालण्याची उपकरणे', एवढी एक ओळ. त्यावर कर किती लावायचा तो लावा. नाव द्या.

एजंट हा आमचा आता जवळजवळ घरचा माणूस झाला आहे. त्यानं माझ्यापुढे तीन आक्षेप ठेवले, आणि ते पोकळ नाहीत. पहिला: "साहेब, प्रत्येक छंदाला ओळ द्यायला लागलो तर पुस्तक उचलायला क्रेन लागेल." दुसरा: "बैठकीचा नियम वाटतो विचित्र, पण तो डोळ्यांना दिसतो. अधिकाऱ्यानं माल पाहिला की कळतं. तुमच्या 'घरगुतीपणा'ला मोजायचं कशानं?" आणि तिसरा: "आधीच निवाडा मागून घ्यायची सोय आहे ना कायद्यात!"

शेवटून सुरू करतो, तिसऱ्या नियमाप्रमाणे. आगाऊ निवाड्याची सोय खरंच आहे, आणि चांगली आहे. २०२१ पासून मुंबईत आणि दिल्लीत त्यासाठी खास अधिकारी बसतात. अर्ज करायचा, फी भरायची, तीन महिन्यांच्या आत निवाडा मिळतो. पण तो बांधतो कुणाला? ज्यानं मागितला त्याला, आणि त्याच्यापुरता कस्टमला. म्हणजे डोंबिवलीच्या बचत गटाला मिळालेला निवाडा साताऱ्याच्या बचत गटाला दाखला म्हणून दाखवता येईल, हक्क म्हणून नाही. सातारच्या बायकांनी पुन्हा अर्ज करायचा. मोठ्या कंपनीला हे परवडतं. तिचा तोच माल वर्षानुवर्षं येत राहतो. सहा यंत्रं मागवणाऱ्या सहाजणींनी यंत्राआधी निवाडा आयात करायचा का?

दुसरा आक्षेप मोजण्याचा. तर 'दहा किलो' काट्यावर मोजता येतं आणि 'हाताने चालवायचे' हे डोळ्यांना दिसतं. पुरणयंत्राच्या बाबतीत मोजायला जमलं, मग कागदाच्या बाबतीत काटा बिघडतो का?

राहिला पहिला आक्षेप, पुस्तक जाड होण्याचा. हे पुस्तक दर पाचसहा वर्षांनी सुधारतात. २०२२ च्या आवृत्तीत ड्रोनना नवी जागा मिळाली, ८८०६. थरावर थर चढवून वस्तू घडवणाऱ्या यंत्रांना मिळाली, ८४८५. आणि, हे खोटं वाटेल, पण खाण्याच्या किड्यांनाही स्वतंत्र क्रमांक मिळाला, ०४१०.१०. किडे पुस्तकात मावले, आणि बाईचा दांडा मावत नाही? शिवाय हे पुस्तक कुणाचं ऐकत नाही असंही नाही. ३३०७.४१ काढून पाहा. तिथं सगळ्या जगासाठी चक्क 'अगरबत्ती' असा शब्द छापलेला आहे. ब्रसेल्सच्या पुस्तकात आपल्या देवघरातला शब्द! ज्यानं कुणी तो तिथं घालून घेतला, तोही आमच्यासारखाच भांडला असणार. मी रोज संध्याकाळी अगरबत्ती लावताना त्या अनामिकाला नमस्कार करतो.

पुढची आवृत्ती २०२८ च्या १ जानेवारीपासून लागू व्हायची आहे. तिची ताटं वाढून झाली आहेत. आम्ही त्यापुढच्या पंगतीला बसू. पण तोपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. सहा आकडे जगाचे असले तरी शेवटचे दोन आपले आहेत. ८४४१ च्या पोटात दिल्लीनं मनात आणलं तर उद्या आपली ओळ घालता येईल. आणि आपण असं करतो! पुस्तकाचे जगाचे अध्याय संपल्यावर आपण आपला ९८ वा अध्याय जोडला आहे. त्यात स्वतःच्या वापरासाठी टपालानं वा विमानानं मागवलेल्या वस्तू एकाच क्रमांकाखाली घातल्या आहेत, ९८०४, मग त्या वस्तूचं दुसरीकडे कितीही नेमकं वर्णन का असेना. म्हणजे पाहा, वहिनींनी हेच यंत्र एकच, हौस म्हणून मागवलं असतं, तर हत्यार की यंत्र, कापणी की लाटणी, कुणीही विचारलं नसतं. हौसेला एक ओळ, आणि पोटाला चार अध्याय! हा न्याय ज्यानं लिहिला त्याच्या घरी नक्कीच कुणी हातानं कमावत नसावं.

तेव्हा एजंटनं हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, जागा कुठं आहे?"

मी म्हटलं, आहे. या पुस्तकाचा ७७ वा अध्याय रिकामा आहे. अगदी कोरा. ७६ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, ७८ मध्ये शिसं, आणि मधला ७७ वा 'भविष्यातील संभाव्य उपयोगासाठी राखीव' असं म्हणून ठेवून दिलाय. १९८८ पासून तो तसाच राखीव आहे. सरकारी कचेरीत बाहेरगावच्या साहेबासाठी एक खुर्ची राखून ठेवतात, साहेब कधी येत नाही आणि त्या खुर्चीवर कुणाला बसूही देत नाहीत, तसा. धातूंच्या शेजारात कागदाला बसवणं शास्त्राला धरून नाही, हे मला कळतं. पण श्रावण ते दिवाळी ज्यांनी उभं राहून काढली, त्यांना रिकामी खुर्ची दिसणारच.

यंत्रं तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घरी आली. लग्नसराईची पाकिटं तरी हातची गेली नाहीत, हे नशीब. वहिनींनी पहिलं यंत्र आमच्याकडे आणून दाखवलं. खोका उघडला, बैठक टेबलाला चिकटवली आणि दांडा फिरवला. पलीकडून एक केशरी कमळ बाहेर आलं. वहिनींनी ते उचलून माझ्या हातात दिलं, आणि मी त्यांचा अंगठा पाहिला. घट्टा तसाच होता.

आमची आई आता ऐंशीच्या पुढे आहे. ती आतून काठी टेकत आली. कमळाकडे तिचं लक्ष नव्हतं, ती यंत्राकडे पाहत होती. तिनं दांडा धरला, अर्धा फिरवून पाहिला, रुळांवरून बोट फिरवलं, खाली वाकून बैठक तपासली. मग म्हणाली,

"अगंबाई, ही तर आपल्या पुरणयंत्राची जाऊ."

त्या पुस्तकात एक चौथा नियम आहे. वरच्या कुठल्याच नियमानं वस्तू बसली नाही, तर तिचं साम्य ज्या वस्तूशी सगळ्यात जास्त, तिच्या शेजारी तिला बसवावं. ब्रसेल्सला आईचा पत्ता कुणी कळवेल काय?